कोरड्या नदीची नावपट्टी

फार पूर्वी, न्याय मागायला जाणारी माणसं आधी राजवाड्याची घंटा वाजवत त्या काळी, डोंगराच्या पायथ्याला एक लहानसं राज्य होतं. राज्यात एक मोठा तलाव होता, तलावाला मातीचा जुना बांध होता आणि या सगळ्याचा पैसा सांभाळणारा एक खजिनदार होता. राजे आले आणि गेले, प्रधान बदलले, खजिनदार मात्र तोच राहिला. कमरेला किल्ल्यांचा जुडगा आणि तोंडात एकच वाक्य, "बघून सांगतो." कुणी सहज विचारलं, "खजिनदार, भूक लागली का?" तरी तो पोटावर हात ठेवून म्हणायचा, "बघून सांगतो." लोक हसायचे. पण त्याने एकदा बघून सांगितलं, की सगळं राज्य डोळे मिटून त्या शब्दावर विसंबायचं.

खजिन्यात दोन पेट्या होत्या, एक जमेची आणि एक खर्चाची. जमेच्या पेटीत प्रत्येक पट्टीची वेगळी थैली असायची आणि तीत त्या पट्टीची वर्षभराची नाणी जमायची. खर्चाच्या पेटीत प्रत्येक खात्याची वेगळी थैली असायची. त्या खात्यावर एक नाणं खर्ची पडलं की थैलीत एक चिंचोका टाकायचा, अशी रीत होती. पैसा मात्र मोठ्या तिजोरीतून जायचा. वर्ष सरलं की जमलेली नाणी त्या तिजोरीत ओतून, सगळ्या थैल्या रिकाम्या करून पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आणखी एक रीत होती, आणि ती फार कडक होती. जमेची पेटी फक्त पौर्णिमेला उघडायची आणि खर्चाची फक्त अमावास्येला. दोन्ही पेट्या एकाच दिवशी कधीही उघडायच्या नाहीत. तसं केलं तर येणाऱ्या लक्ष्मीला जाणारी लक्ष्मी दिसते आणि तीही उठून तिच्या मागे चालू लागते, असं खजिनदाराच्या आजोबांनी त्याच्या वडिलांना सांगितलं होतं आणि वडिलांनी त्याला. त्यामुळे खजिनदाराने जन्मात कधी जमा आणि खर्च शेजारी शेजारी ठेवून पाहिले नव्हते. पाहावे असं त्याच्या मनातही आलं नव्हतं.

त्या राज्यात न्याय मागायचा तर राजवाड्याच्या पायरीवरची मोठी घंटा वाजवावी लागे. घंटा वाजली की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी असतील तिथे हत्यारं खाली ठेवायची. घंटेनंतर ज्याचा हात उठला तो कज्जा हरला, असा दंडक होता, आणि तो चोरसुद्धा पाळायचे. घंटेचा आवाज डोंगरावर आपटून पार तलावापर्यंत जायचा.

पण घंटेला हात लावण्याआधी तीन पट्ट्या भराव्या लागत. पट्टी भरल्यावाचून खुद्द राजालाही ती वाजवता येत नसे.

पहिली नावपट्टी. कधी काळी न्यायसभा नदीच्या पलीकडे भरायची आणि फिर्यादींना सरकारी नावेतून न्यायचे, त्याची ही पट्टी. पुढे एका महापुरात नदीने आपली वाटच बदलली. आता जुन्या पात्रात पोरं विटीदांडू खेळत होती. दुसरी मशालपट्टी. कधी काळी सभा गडाच्या तळघरात भरायची, तिथे दिवसाही मशाली लागायच्या. आता सभा उघड्या अंगणात भरायची आणि न्याय देणाऱ्याला उन्हासाठी कपाळावर हात धरावा लागायचा. तिसरी वाघपट्टी. वाटेत जंगल होतं तेव्हा फिर्यादींबरोबर ढोल वाजवणारे राखणदार जायचे. जंगल कधीच शेतात गेलं होतं. वाघ सोडाच, त्या वाटेवर दिवसा मांजरही आडवं जात नसे.

नदी गेली, तळघर बंद झालं, वाघ गेला. पट्ट्या मात्र जागच्या जागी होत्या.

त्या वर्षी राज्याला नवी राणी मिळाली. वयाने लहान, पण डोळे उघडे ठेवून चालणारी. वर्षअखेरीचा जमाखर्च ठरवायला दरबार बसला तेव्हा तिने खजिनदाराला विचारलं, "काका, या वाघपट्टीत वाघ कुठे आहे?"

दरबारात खसखस पिकली. खजिनदार हसला नाही.

"राणीसरकार," तो म्हणाला, "वाघ नाही. पण तुम्ही या तीन पट्ट्या उठवायचं मनात आणत असाल, तर एवढं लक्षात घ्या, की यांच्यावर तलावाचा बांध उभा आहे. बांधाच्या डागडुजीला पैसा आधीच अपुरा पडतो. म्हणून तर गेल्या साली मी तिन्ही पट्ट्या थोड्या वाढवल्या. त्या उठवल्यात तर गवंडी काय हवेवर दगड बसवणार? आणि बांध गेला तर खालचं गाव एका घटकेत वाहून जाईल."

राणीचा चेहरा उतरला. तिच्या आजोबांनी एक नियम करून ठेवला होता. खजिनदार जोवर 'खजिना सोसेल' हे दोन शब्द भर दरबारात बोलत नाही, तोवर राजालासुद्धा एकही पट्टी उठवता येणार नाही. राजांनी खुशीत येऊन खजिना उधळू नये म्हणून केलेला तो नियम होता.

"मग नीट पाहून मला सांगा," राणी म्हणाली. "या पट्ट्या गेल्या तर खजिन्याला किती मोठं भगदाड पडेल?"

"बघून सांगतो. आधी पौर्णिमा येऊ दे, मग अमावास्या."

"आणि तोवर ज्यांच्याकडे पट्टीला पैसे नाहीत, त्यांनी काय करायचं?"

"ज्याची फिर्याद खरी, तो कुठून तरी पैसे उभे करतोच, सरकार," खजिनदार म्हणाला. आणि हे त्याला अगदी मनापासून वाटत होतं. माणूस वाईट नव्हता. त्याची लेक सगुणा त्याच खालच्या गावात दिली होती, तिचं तान्हं बाळ तिथे पाळण्यात होतं. बांध टिकावा म्हणून त्याचा जीव तुटायचा तो काही उगाच नाही.

दुसऱ्या दिवशी खजिनदार जुन्या नदीच्या पात्रातून चालला होता. वाळूत सरकारी नाव उभी होती आणि सरकारी नावाडी घाम पुसत तिच्या बुडाला डांबर फासत होता.

"बरं झालं भेटलात," नावाडी म्हणाला. "डांबर संपत आलंय. अन् दोन वल्ह्यांना कीड लागलीय, नवी घ्यावी लागतील."

"अरे, पण पाणी कुठे आहे?"

"पाणी नसंना का! नावपट्टी घेताय ना लोकांकडनं? उद्या कुणी इचारलं, पट्टी घेता मग नाव कुठाय, तर दाखवाया नको का?"

खजिनदाराला हे उत्तर एकदम पटलं. वा, काय चोख माणूस! त्याने तिथल्या तिथे डांबर मंजूर केलं आणि पुढे निघाला. पण थोडं चालल्यावर त्याला काहीतरी टोचू लागलं. दातात ज्वारीचं कुसळ अडकावं आणि जिभेला सापडू नये, तसं. काय ते त्याला कळेना. घरी गेला, जेवला, ते काही निघालं नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, भर दुपारी, राजवाड्याच्या अंगणात गलका झाला. राणी न्यायाला बसली होती, खजिनदार शेजारी उभा होता. दारात पट्टी घेणाऱ्या कारकुनासमोर एक बाई उभी होती. पायांवर गुडघ्यांपर्यंत धूळ, केस विस्कटलेले. धावत आली असावी. खजिनदाराने नीट पाहिलं. ती सगुणा होती.

"ही नावपट्टी," ती कारकुनाला म्हणत होती. "ही मशालपट्टी. वाघपट्टीला कमी पडतायत. गावाने घराघरांतून गोळा केलं, एवढंच जमलं."

"मग घंटेला हात लावता येणार नाही, बाई."

"पण वाघ कुठाय?"

"ते मला काय विचारता? पट्टी आहे."

खजिनदार पुढे झाला. "सगुणे, काय झालं? तू का आलीस?"

"आबा, मी तुमची लेक म्हणून आलेली नाही," ती धापा टाकत म्हणाली. "गावाने फिर्यादी म्हणून पाठवलंय. वरच्या गावाने तलावाच्या मोरीचं, पाणी खाली सोडायच्या वाटेचं, दार बंद करून ठेवलंय. पाण्याची पाळी आमची, अन् दार त्यांच्या ताब्यात. गहू उभ्याउभ्या वाळतोय. याआधी दोनदा आमची माणसं इथे आली, दोन्ही वेळा पट्टीपायी दारातनं परत गेली. आता गावाचा धीर सुटलाय. सगळे बाप्ये पहारी घेऊन बांधावर निघालेत. मोरीचं दारच उचकटून काढणार म्हणतात. मी पाया पडून सांगितलं, मला शेवटचं एकदा जाऊ द्या. ऊन देवळाच्या कळसावरनं उतरेपर्यंत घंटा ऐकू आली तर थांबा, नाहीतर तुमच्या मनासारखं करा."

राणीने मान वर करून राजवाड्यासमोरच्या देवळाकडे पाहिलं. इथेही ऊन कळसाच्या टोकावर आलं होतं.

पण खजिनदाराचा चेहरा पांढराफटक पडला होता, तो वेगळ्याच कारणाने. मागच्या पावसाळ्यानंतर गवंडी त्याच्याकडे आला होता. मोरीभोवतीचे दगड सुटलेत, आतली माती खचतेय, आत्ताच बांधून घ्या, म्हणत होता. खजिनदाराने म्हटलं होतं, यंदा पैसा नाही, पुढच्या साली बघू.

"त्यांना वाटतंय दार काढलं की मोरीतून पाणी येईल," तो कसाबसा बोलला. "पोरी, ते दार आता बांधाला धरून नाही, बांध त्या दाराला धरून आहे. पहार लावली तर नुसतं पाणी येणार नाही. अख्खा तलाव येईल."

सगुणेने तोंडावर हात घेतला. "आबा, माझं बाळ सासूबाईंपाशी आहे. आमचं घर बांधाच्या पार खाली आहे."

राणीने ताबडतोब घोडेस्वार सोडला. पण बांधाची वाट डोंगराला वळसा घालून जायची. घोडा पोचेपर्यंत जे व्हायचं ते होऊन गेलं असतं. डोंगरावरून सरळ जाणारी एकच गोष्ट होती, घंटेचा आवाज.

खजिनदाराने कमरेची पैशांची पिशवी सोडली आणि स्वतःची नाणी लेकीच्या हातात कोंबली. "भर पट्टी. भर लवकर."

कारकून चाचरत म्हणाला, "खजिनदार, शपथ घ्यावी लागते. पैसा फिर्यादीच्या बाजूचाच आहे म्हणून. दुसऱ्याचा निघाला तर फिर्याद रद्द होते, घंटा वाजली न वाजली सारखीच. मग खालच्या गावाने हत्यार उचललं तरी कुणी अडवू शकत नाही."

"खोटी शपथ मी घेणार नाही, आबा," सगुणा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. "तुम्हीच शिकवलंत."

बुरुजावरून डोंगरापलीकडचा तलाव दिसायचा. तिथला पहारेकरी ओरडला, "माणसं बांधाखाली पोचली! खूप माणसं आहेत!"

राणी उभी राहिली. "काका, दोनच शब्द. खजिना सोसेल? तुम्ही बोला, मी या क्षणी तिन्ही पट्ट्या उठवते."

सगळ्यांच्या नजरा खजिनदारावर. कुणीतरी मागून पुटपुटलं, "लेकीसाठी म्हणेल हो. दुसऱ्याच्या लेकीसाठी म्हटलं असतं का?"

ते खजिनदाराच्या वर्मी लागलं. म्हणावं तर आयुष्यभराची पत जाते, आणि खरंच भगदाड पडलं तर पुढच्या साली बांधाला पैसा कुठून आणायचा? न म्हणावं तर आज बांधच राहत नाही. आणि नेमकं त्याच क्षणी, दातात अडकलेलं ते कुसळ एकदम जिभेला लागलं. डांबर! नावाड्याच्या डांबराचा चिंचोका तो दरसाल कोणत्या थैलीत टाकायचा? नावपट्टीच्या नावाची थैली खर्चाच्या पेटीत नव्हतीच. तो पडायचा 'नौकाखाते' नावाच्या थैलीत. भलतीच पेटी, भलताच दिवस, भलतंच नाव. त्या दोन थैल्यांची गाठ कधी पडलीच नव्हती.

"बघून सांगतो," खजिनदार म्हणाला.

लोकांनी कपाळावर हात मारले. पण त्याने मागे वळून आरोळी ठोकली, "दोन्ही पेट्या अंगणात आणा! आत्ताच्या आत्ता!"

"आज ना पौर्णिमा ना अमावास्या!" कारकून किंचाळला. "आणि दोन्ही एकत्र? लक्ष्मी उठून जाईल!"

"जायची असेल तर तिला जाताना बघू तरी दे."

पेट्या आल्या. म्हाताऱ्याकोताऱ्यांनी तोंडं फिरवली. खजिनदाराला घाईत किल्ली कुलपाला लावता येईना. शेवटी सगुणेने त्याचा हात धरला आणि कुलूप निघालं. आधी जमेचं, मग खर्चाचं. राज्याच्या इतिहासात पहिल्यांदा दोन्ही झाकणं एकाच वेळी उघडी होती.

त्याने जमेतून तीन थैल्या काढल्या, नावेची, मशालीची, वाघाची. खर्चातूनही तीन काढल्या. नौकाखाते, त्यात नावाड्याचा पगार, डांबर, वल्ही. दिवाबत्ती, त्यात मशालजी आणि तेल. शिकारखाना, त्यात ढोलवाले, भाले आणि वाघासाठी बांधून ठेवलेली एक शेळी. शेळी म्हातारी होऊन मेली की नवी घ्यायचे.

"मोजायला वेळ नाही," तो म्हणाला. "जोड्या लावू. एक नाणं, एक चिंचोका."

राणी सिंहासनाच्या पायरीवरून उतरली आणि फरशीवर गुडघे टेकून बसली. एका बाजूने राणी नाणी मांडू लागली, दुसऱ्या बाजूने सगुणा चिंचोके. खजिनदार जोड्या पाहत ओणव्याने सरकत होता. नाणं, चिंचोका. नाणं, चिंचोका. अंगणभर एक लांबच लांब ओळ तयार होऊ लागली.

"माणसं बांधावर चढली!" बुरुजावरून ओरडा आला.

नाणं, चिंचोका. सगुणेच्या बोटांतून चिंचोके निसटत होते, ती परत उचलत होती. राणीच्या कपाळावरचा घाम फरशीवर पडत होता.

"मोरीपाशी जमलेत! ऊन कळसाच्या खाली चाललंय!"

राणीने थैलीत हात घातला आणि रिकामाच बाहेर काढला. नाणी संपली होती. दुसरी थैली, तिसरी थैली, उलटी करून झटकली. एकही नाही. सगुणेच्या ओंजळीत मात्र चिंचोके अजून होते. तिने थैलीत डोकावलं. तळाला आणखी एक ढीग होता.

खजिनदार त्या ढिगाकडे बघतच राहिला. मग त्याने खर्चाच्या पेटीतून आणखी एक थैली काढली, बांधाची. ती चपटी होती. त्याने ती तळहातावर उपडी केली तर मूठभरही चिंचोके पडले नाहीत. या पट्ट्यांतून बांधाला वर्षभरात एक पैसाही गेला नव्हता. उलट या पट्ट्या जिवंत ठेवायला बांधाचाच पैसा निघून जात होता, आणि तो कमी पडतोय म्हणून त्याने पट्ट्या वाढवल्या होत्या, आणि पट्ट्या वाढल्या म्हणून त्याच्याच लेकीचं गाव दारातून परत गेलं होतं. त्याला ओरडून रडावंसं वाटलं. पण वेळ नव्हता.

"पहार लावली! एकाने दाराच्या फटीत पहार लावली!"

खजिनदार ताठ उभा राहिला.

"राणीसरकार, बघितलं. आता सांगतो. खजिना सोसेल. या पट्ट्या राहिल्या तर मात्र सोसणार नाही!"

"उठवल्या!" राणी ओरडली. "तिन्ही उठवल्या!"

सगुणा तोवर घंटेपाशी पोचली होती. तिने दोरीला लोंबकळून झटका दिला. घंटा गेली कित्येक वर्षं इतकी क्वचित वाजली होती, की पहिल्या झटक्याला तिच्यातून नुसती धूळ आणि चिमण्यांच्या घरट्यातल्या काड्या पडल्या. तिने दात आवळून पुन्हा दोरी ओढली. खजिनदाराने मागून येऊन दोरी धरली, आणि बापलेकीने मिळून तिसरा झटका दिला.

घंटा वाजली. डोंगरावर आदळली, परत आली, पुन्हा गेली. सगळे बुरुजाकडे बघत होते आणि बुरुजावरचा पहारेकरी डोळ्यांवर हात धरून तलावाकडे बघत होता. खजिनदाराने लेकीचा हात इतका घट्ट धरला होता, की तिच्या बांगड्या मनगटात रुतल्या.

"थांबले," पहारेकरी आधी हळूच म्हणाला. मग गळा फाडून ओरडला, "थांबले! पहारी खाली ठेवतायत! सगळे खाली ठेवतायत!"

सगुणा फरशीवर मटकन बसली आणि हमसून हमसून रडू लागली. खजिनदारही तिच्याशेजारी बसला. इतका मोठा माणूस, भर दरबारात, चिंचोक्यांमध्ये.

त्याच संध्याकाळी राणीने बांधावरच न्यायसभा भरवली. पहार लावलेल्या फटीतून पाण्याची एक धार येत होती आणि धारेबरोबर लाल माती. ती पाहून दोन्ही गावांची बोबडी वळली. वरच्या गावाला कळलं, की आपण नुसतं दार अडवून बसलो नव्हतो, खालच्या गावाचा जीव टांगून बसलो होतो. खालच्या गावाला कळलं, की आपण नुसतं दार उघडणार नव्हतो, अख्खा तलाव स्वतःच्या घरांवर सोडणार होतो. मग न्यायाला वेळ लागला नाही. पाण्याच्या पाळ्या ठरल्या, मोरीची किल्ली राणीच्या माणसाकडे आली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी कामाला लागला. त्याची मजुरी कुठून आली हे सांगायला नकोच. उरलेल्या प्रत्येक चिंचोक्यामागे एक नाणं दरसाल फुकट जात होतं, आता ते थेट बांधावर जाऊ लागलं.

नावाडी मात्र तोंड पाडून खजिनदारापुढे उभा राहिला. "पट्टी गेली. आता मी काय खाऊ?" मशालजी आणि ढोलवालेही त्याच्या मागे उभे होते. राणीने त्यांना बांधाचे राखणदार नेमलं. सरकारी नाव बैलगाडीवर घालून तलावावर नेली आणि पाण्यात सोडली. इतक्या वर्षांच्या डांबराने ती अशी घट्ट झाली होती, की थेंबभर पाणी आत आलं नाही. नावाडी रोज तीत बसून बांधाला आतल्या बाजूने चक्कर मारू लागला. सुटलेला दगड त्याला सगळ्यांत आधी दिसायचा. वाघासाठी बांधलेली शेळी सगुणेच्या बाळाला दुधासाठी दिली.

आता कुणाला वाटेल, इथे सगळं गोड झालं. तसं नाही. पट्ट्या उठल्या तशी घंटा दिवसातून कितीदा तरी वाजू लागली. वर्षानुवर्षं दाबून ठेवलेली भांडणं बाहेर आली. राणीला एकटीला आवरेना, आणखी एक न्यायाधीश नेमावा लागला आणि त्याचा पगार खर्चाच्या पेटीत पडू लागला. ज्यांना पट्ट्या हव्या होत्या ते दरबारी लगेच पुढे सरसावले. "बघा! आम्ही म्हणत होतो ना, खर्च वाढला!"

"वाढला आहे," खजिनदार म्हणाला. त्याने काहीच लपवलं नाही. मग त्याने दोन्ही पेट्या मागवल्या आणि भर दरबारात शेजारी शेजारी उघडल्या. न्यायाधीशाच्या थैलीत चिंचोके भरले होते, हे सगळ्यांना दिसलं. त्याच्या शेजारी त्याने शिपायांची थैली ठेवली, मारामाऱ्या सोडवायला शिपाई पाठवावे लागत त्या खर्चाची. दरसाल फुगणारी ती थैली या वर्षी अर्धीही भरली नव्हती. जळालेल्या गंजी, तोडलेली कुंपणं, फुटलेली डोकी, या सगळ्यांच्या भरपाईचे चिंचोके ज्या थैलीत पडायचे तीही सैल पडली होती.

एका म्हाताऱ्या दरबाऱ्याला तरीही राहवलं नाही. "खजिनदार, दोन्ही पेट्या एकत्र उघडता. लक्ष्मी निघून जाईल याची भीती नाही वाटत?"

"वाटायची," खजिनदार म्हणाला. "म्हणून तर इतकी वर्षं ती मागच्या दाराने जात होती आणि मी पुढच्या दारात पहारा देत होतो."

त्यानंतर खजिनदाराने राजवाड्याच्या दाराशी एक तिसरी पेटी ठेवली. घंटेपर्यंत येऊन कुणी परत गेलं, की तिच्यात एक खडा टाकायचा, असं त्याने कारकुनाला बजावलं. दर पौर्णिमेला आणि अमावास्येला तो पहिल्यांदा तीच पेटी उघडायचा. ती रिकामी दिसली, की मगच बाकीच्या दोघींना हात लावायचा.

तात्पर्य सांगायचं तर एवढंच: कोणत्याही पट्टीचा हिशेब करताना आलेला पैसा मोजावा, तो आणायला गेलेला पैसा त्याच्या शेजारी ठेवावा, आणि तिच्यामुळे दारातून परत गेलेली माणसं सगळ्यांत आधी मोजावीत.